जोडलेली एक ओळ

पर्युषणाच्या दिवसांत रत्नागिरीच्या राम आळीतील त्या पेढीची एकच फळी उघडी असते. आंब्याचा हंगाम केव्हाच संपलेला असतो, काजूगर आणि आमसुले यांचा किरकोळ खप तेवढा सुरू असतो, आणि घरातील निम्मी माणसे उपाश्रयात असतात. अशाच एका दुपारी, बाहेर भाद्रपदाची सर कोसळत असताना, पुण्यातील एका संगणक कंपनीत नोकरीस असलेली घरची नात मुनीमजींच्या जुन्या उतरत्या मेजावर लॅपटॉप ठेवून लिहीत बसली होती. गादीवर दादाजी होते. त्या दिवशी त्यांचे एकासणे होते, त्यामुळे चहाची वेळ टळून गेली तरी कोणी त्यांना हाक मारली नव्हती.

"एवढे काय लिहिते आहेस, बेटा?" त्यांनी विचारले.

"एका साधनाचे माहितीपत्र, दादाजी. पहिले मीच लिहिले होते. त्यात चूक होती, म्हणून पुन्हा लिहिते आहे."

"आपल्या पेट्या राहिल्या, ते साधन?"

"तेच."

दादाजींनी जपमाळ डबीत ठेवली आणि खुर्ची तिच्या मेजाकडे ओढून घेतली.

ते साधन काय आहे, हे कळण्यासाठी आधी एका वहीची ओळख करून घ्यावी लागते. इंटरनेटवरील प्रत्येक संगणकाचा खरा पत्ता आकड्यांचा असतो. माणसाला आकडे आठवत नाहीत, नावे आठवतात. म्हणून कोणते नाव कोणत्या आकड्याचे, हे सांगणारी एक नोंदवही लागते. तिला डोमेन नेम सिस्टीम किंवा थोडक्यात डीएनएस म्हणतात. दुकानाच्या संकेतस्थळाचे नाव कोणी टाइप केले की त्याचा संगणक आधी या वहीत डोकावतो आणि मगच दुकानाकडे वळतो. हे इतक्या झटकन होते की ग्राहकाला मध्ये वही आहे याची कल्पनाही नसते.

प्रारंभी ही वही अक्षरशः एकच होती. अमेरिकेतील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर यांच्या देखरेखीखालील कचेरी सगळ्या संगणकांची नावे एका फायलीत लिहून ठेवी आणि बाकीचे तिची नक्कल उतरवून घेत. नवे नाव हवे असेल तर त्या कचेरीला कळवायचे, आणि तेही कचेरीच्या वेळेत. संगणक वाढले तसे हे ओझे एका कचेरीला पेलेना. १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी एका वहीच्या जागी वह्यांची उतरंड सुचवली. सर्वांत वरच्या वहीत एवढेच लिहिलेले असते की डॉट इन ची वही कोणाकडे आहे आणि डॉट कॉम ची कोणाकडे. डॉट इन च्या वहीत लिहिलेले असते की अमुक दुकानाची वही कोणाकडे आहे. आणि दुकानाची वही दुकानदाराच्या हाती. मुख्य पेढीने गावोगावच्या पेढ्यांचा रोजचा हिशेब स्वतःकडे न ठेवता प्रत्येकीच्या मुनीमाचे नाव तेवढे लिहून ठेवावे, तसाच हा प्रकार.

आपल्या देशाची डॉट इन ही वही १९८९ साली सोपवली गेली ती मुंबईत, जुहूच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी या संस्थेकडे. श्रीनिवासन रमाणी तिचे प्रमुख होते. त्या काळी नाव मिळणे अवघड होते, नियम कडक होते. २००५ पासून ते काम नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडियाकडे आले आणि सामान्य व्यापाऱ्यालाही थोड्या पैशांत नाव घेता येऊ लागले. २०१४ साली डॉट भारत हे नाव देवनागरीत आले, म्हणजे दुकानाची पाटी मराठीत आणि पत्ताही मराठीत अशी सोय झाली. तिचा फायदा व्यापारी मंडळींनी अजून फारसा घेतलेला दिसत नाही, ही गोष्ट वेगळी.

नावाच्या खरेपणाला पैशाच्या व्यवहारात किती महत्त्व आहे, हे बँकांच्या बाबतीत नुकतेच सर्वांनी पाहिले. बँकेच्या नावाशी मिळतीजुळती खोटी संकेतस्थळे काढून लोकांना लुबाडण्याचे प्रकार वाढले, तेव्हा रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२५ मध्ये डॉट बँक डॉट इन अशा राखीव नावांची घोषणा केली आणि सर्व बँकांना तेथे स्थलांतर करण्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली. ही नावे देण्याचे काम हैदराबादच्या आयडीआरबीटी या एकाच संस्थेकडे ठेवले. कोणालाही मागितल्याबरोबर मिळणाऱ्या नावापेक्षा, तपासून दिलेल्या नावाची पत वेगळी असते.

आता दुकानाच्या स्वतःच्या वहीकडे वळू. तिच्यात नोंदींचे प्रकार असतात. एक नोंद सांगते, संकेतस्थळ कोणत्या संगणकावर आहे. दुसरी, जिला एमएक्स म्हणतात, सांगते की या नावाने येणारी ईमेल कोणाच्या हाती द्यायची. तिसरी टीएक्सटी, ती म्हणजे दुकानाच्या दारावर डकवलेली सूचना. तिच्यात काहीही मजकूर लिहिता येतो आणि वाचणारा त्यावरून आपला निर्णय घेतो. या सूचनांपैकी एक फार महत्त्वाची असते. तिला एसपीएफ म्हणतात. आमच्या नावाने पत्र पाठवण्याचा अधिकार अमुक अमुक कंपन्यांनाच आहे, इतर कोणी पाठवले तर खरे मानू नये, असा तिचा अर्थ. पेढीच्या शिक्क्यासह कोणाची सही ग्राह्य धरावी हे बँकेला कळवलेले असते ना, त्याच जातीची ही गोष्ट. ईमेल स्वीकारणाऱ्या मोठ्या कंपन्या आता ही सूचना काटेकोरपणे पाहतात. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी असा पुरावा नसलेली पत्रे परत पाठवण्याचे किंवा स्पॅममध्ये टाकण्याचे धोरण कडक केले आहे.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. या वहीत एकदा वाचलेली नोंद वाचणारा काही काळ स्वतःकडे जपून ठेवतो. किती काळ, हे नोंदीसोबतच सेकंदांत लिहिलेले असते. म्हणून चुकीची नोंद दुरुस्त केली तरी ती त्याच क्षणी सगळीकडून नाहीशी होत नाही. बाजारात गेलेला शब्द परत घ्यायला जो वेळ लागतो, तो येथेही लागतो.

एजंट हा शब्द कोकणातल्या आंबेवाल्याला शिकवावा लागत नाही. वाशीच्या बाजार समितीत अडत्याच्या गाळ्यावर पेटी उतरते, बागायतदार इकडे रत्नागिरीत असतो, अडत्या त्याच्या वतीने भाव ठरवतो आणि मागाहून पट्टी पाठवतो. सारा व्यवहार विश्वासावर चालतो. पण अडत्याला काय करण्याची मुभा आहे आणि काय करण्याची नाही, हे दोघांनाही पक्के ठाऊक असते. संगणकातला एजंट हाही असाच दुसऱ्याच्या वतीने काम करणारा. फरक असा की तो माणूस नाही. त्याला साध्या भाषेत काम सांगितले की तो हाताशी असलेल्या साधनांतून योग्य ते निवडतो आणि वापरतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक या कंपनीने अशी साधने एजंटाच्या हाती देण्याची एक सामायिक पद्धत, मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, प्रसिद्ध केली आणि त्यानंतर अशा साधनांचे पीक आले. प्रत्येक साधनासोबत त्याचे नाव, त्याला कोणती माहिती पुरवायची ते, आणि चार ओळींचे वर्णन असते.

हे वर्णन एजंट स्वतः वाचतो, ही त्यातली नवी गोष्ट. यंत्रासोबत येणारे माहितीपत्रक पूर्वी पेटीच्या तळाशी पडून राही. बिघाड झाल्यावरच कोणी ते शोधून काढी. आता माहितीपत्रात लिहिलेले वाक्य वाचून यंत्र पुढचे पाऊल टाकते. लिहिणाऱ्याने निष्काळजीपणे एक विशेषण घातले तर ते विशेषण कामाला लागते.

नातीच्या कंपनीने केलेले साधन एजंटाला डीएनएसच्या वहीत नोंद जोडू देणारे होते. पहिल्या माहितीपत्रात तिने लिहिले होते, की हे साधन फक्त नवी नोंद जोडते, असलेली नोंद खोडत नाही वा बदलत नाही, त्यामुळे ते निर्धास्तपणे वापरता येते. वाक्य सुबक होते. तिच्या वरिष्ठांनाही ते आवडले होते. खोडणे म्हणजे धोका आणि जोडणे म्हणजे सुरक्षित, असे कोणालाही सहज वाटते.

साधनाची चाचणी म्हणून तिने घरच्या पेढीचेच नाव वापरले. पेढीची ईमेल एका कंपनीकडे होती आणि तिला पत्रे पाठवण्याचा अधिकार देणारी एसपीएफची ओळ वहीत होतीच. मार्चअखेर धाकट्या काकांनी बिले आणि माल रवाना झाल्याच्या सूचना आपोआप जाव्यात म्हणून दुसऱ्या एका कंपनीची सेवा घेतली. त्या सेवेने कळवले, की आमची ही ओळ तुमच्या वहीत घाला. नातीने एजंटाला ती ओळ जोडायला सांगितली. एजंटाने वर्णन वाचले, साधन निर्धास्त वापरण्याजोगे आहे असे त्याला दिसले, आणि ओळ जोडली गेली. काम झाल्याचा निरोप आला. सारे मिनिटभरात उरकले.

एसपीएफचा नियम असा, की एका नावाला अशी एकच ओळ असावी. दोन कंपन्यांना अधिकार द्यायचा असेल तर दोघींची नावे एकाच ओळीत लिहायची. दोन वेगळ्या ओळी आढळल्या तर वाचणाऱ्याने त्यांतली एक निवडायची नाही, दोन्हीही मानायच्या नाहीत; सूचनेतच कायमचा दोष आहे असे समजायचे. २०१४ च्या नियमपत्रात हे स्वच्छ लिहिलेले आहे. म्हणजे नवी ओळ जोडल्याने जुनी ओळही निकामी झाली. खोडले काहीच नव्हते, तरी पेढीच्या पत्रांचा अधिकार त्या दिवसापासून नाहीसा झाला.

एप्रिलचे पहिले पंधरा दिवस हापूसवाल्याला कमाईचे असतात. त्या पंधरवड्यात पेढीने पाठवलेली काही पत्रे स्पॅममध्ये जाऊन पडली आणि काही परत आली. परत आल्याच्या सूचना ज्या खात्यात साठत होत्या ते खाते दुकानातला मुलगा दोन-तीन दिवसांतून एकदा उघडी, आणि इंग्रजीतला तो लांबलचक मजकूर जाहिरात समजून पुढे जाई. मुंबईच्या एका कंपनीने आपल्या ग्राहकांना भेट देण्यासाठी चाळीस पेट्यांचा भाव विचारला होता. भाव त्याच दिवशी पाठवला गेला, निदान पेढीची तशी समजूत होती. आंबा काढला, पेंढ्यात आढी घातली. आढीतला आंबा कोणासाठी थांबत नाही. पाचव्या दिवशी त्याने रंग धरला, आठव्या दिवशी घरभर वास पसरला आणि मुंबईहून काहीच कळेना. शेवटी काकांनी दूरध्वनी केला तेव्हा समजले, की भाव आलाच नाही म्हणून त्यांनी दुसरीकडून माल घेतला. त्या पेट्या रत्नागिरीच्याच बाजारात मिळेल त्या भावाने द्याव्या लागल्या.

दादाजींनी तो तोटा फारसा मनाला लावून घेतला नाही. वादळाने मोहोर झडला की याहून मोठा तोटा होतो, असे ते म्हणाले. त्यांना लागली ती दुसरी गोष्ट. पुण्याचे एक गृहस्थ पंचवीस वर्षे या पेढीकडून आंबा नेत. हंगाम सुरू झाल्याचे पत्र त्यांना दरवर्षी जाई. आधी पोस्टकार्ड, मग ईमेल. त्या वर्षी त्यांना पत्र पोहोचले नाही. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात त्यांचा दूरध्वनी आला आणि पहिलेच वाक्य होते, "शेठजी, यंदा आम्हाला विसरलात का?"

चूक सापडली तीही त्या दूरध्वनीनंतरच. नातीने पुण्याहून वही उघडून पाहिली आणि दोन ओळींची एक ओळ केली. दुरुस्तीला पाच मिनिटे लागली. चूक उघडकीस यायला तीन आठवडे गेले होते.

"मुनीमजींच्या वेळची एक हकीकत तुला सांगितली आहे का मी?" दादाजींनी त्या दुपारी विचारले. तिने ती ऐकली नव्हती.

मुनीमजी आजारी पडले तेव्हा त्यांचा मुलगा महिनाभर कीर्द लिहायला येई. मुलगा हुशार होता, अक्षर सुरेख होते. वहीत खाडाखोड करायची नाही, चूक झाली तर उलट नोंद करायची, हा नियम त्याला ठाऊक होता आणि त्याने तो पाळलाही. संगमेश्वरच्या एका व्यापाऱ्याने रक्कम भरली. त्या व्यापाऱ्याचे खाते खतावणीत आहे की नाही हे न पाहता मुलाने नवे खाते उघडले आणि तेथे रक्कम जमा केली. जुन्या खात्यात त्याच माणसाच्या नावे उधारी तशीच राहिली. दोन्ही पाने स्वतंत्रपणे वाचली तर बरोबर होती, बेरजाही जुळत होत्या. दिवाळीच्या आधी नेहमीप्रमाणे तगाद्याची पत्रे गेली आणि पैसे चुकवलेल्या माणसाला थकबाकीचे पत्र गेले. तो गृहस्थ पत्र घेऊन स्वतः एसटीने रत्नागिरीला आला, वडिलांसमोर पावती ठेवली आणि चहा न घेता परत गेला.

"वडिलांनी त्या मुलाला काढले नाही," दादाजी म्हणाले. "त्याला एकच सांगितले. नवे पान उघडण्याआधी जुने पान वाचून दाखव. मग लिही."

नात बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "दादाजी, अगदी हेच. माझ्या साधनाला लिहिता येते, पण लिहिण्याआधी ते वाचतच नाही."

बँकेत काम केलेल्या कोणालाही या संभाषणाचे नवल वाटणार नाही. बँकेत व्हाउचर एकाने लिहायचे आणि दुसऱ्याने तपासून पास करायचे, हा नियम कारकुनावर संशय म्हणून केलेला नसतो. लिहिणाऱ्याचे लक्ष त्याच्या समोरच्या नोंदीवर असते. तपासणाऱ्याने तिच्या आजूबाजूला पाहायचे असते. तिजोरीच्या खोलीच्या दोन किल्ल्या दोन अधिकाऱ्यांकडे असतात आणि एकट्याने ती खोली उघडत नाही. डीएनएसच्या सर्वांत वरच्या वहीची व्यवस्था नेमकी अशीच आहे, हे वाचून जुन्या बँक अधिकाऱ्याला समाधान वाटेल. त्या वहीच्या खरेपणाची ग्वाही देणारी मूळ किल्ली अमेरिकेत दोन ठिकाणी, व्हर्जिनियातील कल्पेपर आणि कॅलिफोर्नियातील एल सेगुंडो येथे, पोलादी तिजोऱ्यांत ठेवलेली असते. प्रत्येक ठिकाणासाठी निरनिराळ्या देशांतील सात विश्वासू माणसे नेमलेली आहेत आणि त्यांतील किमान तीन हजर असल्याशिवाय ती किल्ली वापरता येत नाही. पहिला असा विधी जून २०१० मध्ये झाला. सारे चित्रित होते आणि कोणालाही पाहता येते. इतके आधुनिक यंत्र, आणि त्याच्या मुळाशी तिजोरी, किल्ल्या आणि साक्षीदार.

मात्र प्रत्येक नोंदीला माणसाची संमती घ्यावी, एवढ्याने प्रश्न सुटतो असेही नाही. मार्चअखेरीस समोर व्हाउचरांचा गठ्ठा आला की डोळ्यांपेक्षा हात पुढे जातो, हे प्रामाणिक अधिकारी खासगीत कबूल करील. दिवसाला पन्नास वेळा संमती मागणारे साधन माणसाला न वाचता होकार द्यायला शिकवते. म्हणून अधिकारच आधी अरुंद हवा. मुनीमजी कीर्द लिहीत, पण धनादेशावर सही करीत नसत. मुखत्यारपत्रात अमुक गावची अमुक गटाची जमीन असे लिहितात, सर्व मालमत्ता असे शहाणा माणूस लिहीत नाही.

दादाजींनी मग जो मुद्दा काढला तो पर्युषणात सुचावा असाच होता. एजंटाने केले, मी केले नाही, असे नातीच्या कंपनीतील कोणी म्हणाले होते का, असे त्यांनी विचारले. म्हणाले होते, हे तिने मान्य केले. कृत, कारित आणि अनुमत हा भेद जैन घरातल्या मुलांना शाळेच्या आधी ऐकून माहीत असतो: स्वतः केलेले, दुसऱ्याकडून करवलेले आणि दुसऱ्याने केलेल्याला दिलेली संमती. तिन्हींचा दोष कर्त्याला लागतो. करवून घेतले म्हणून हात झटकता येत नाहीत. संगणकाचा एजंट जीव नाही, त्याला कर्मबंध नाही. म्हणजे त्याने केलेल्या कामाचा सारा भार करवणाऱ्याच्याच खात्यावर पडतो, असे दादाजींचे म्हणणे. पंडितांशी चर्चा करण्यासारखा हा विषय आहे खरा, पण व्यापारी म्हणून त्यांचा हिशेब सरळ होता.

तत्त्वार्थसूत्रात श्रावकाच्या प्रत्येक व्रतासोबत त्याचे पाच पाच अतिचार सांगितले आहेत. सत्यव्रताच्या अतिचारांत कूटलेखक्रिया, म्हणजे खोटा लेख करणे, हा एक आहे. व्रत एका ओळीत सांगून ते थांबत नाही. ते कोणत्या कोणत्या वाटेने ढळते याची यादी देते, आणि प्रतिक्रमणात श्रावक त्या यादीवरून स्वतःला तपासतो. नातीला तिच्या माहितीपत्रात नेमके हेच राहून गेले आहे, हे तेथे बसल्या बसल्या उमगले. साधन काय करते हे तिने लिहिले होते. ते कोणत्या वाटेने बिघडते, हे लिहिले नव्हते. तिचे वाक्य खोटे नव्हते, कूटलेख तर नव्हताच. तरी त्यावर विसंबलेल्याचे नुकसान झाले होते.

पुढले तीन दिवस दुपारी ती लिहीत होती आणि लिहिलेले मराठीत करून दादाजींना सांगत होती. निर्धास्त हा शब्द तिने काढून टाकला. जोडल्याने काय काय मोडू शकते, हे तिने सर्वांत वर घेतले. एसपीएफची दुसरी ओळ जोडली तर पहिलीही जाते. एमएक्सची नवी नोंद जोडताना तिचा क्रमांक आधीच्या नोंदीपेक्षा लहान दिला, तर सगळी ईमेल आधी त्या नव्या पत्त्याकडे जाऊ लागते, कारण तेथे लहान आकड्याला अग्रमान असतो. म्हणजे एका जोडणीने दुसऱ्याची टपाल आपल्या घरी वळवता येते. हे ऐकून दादाजी ताठ बसले. संकेतस्थळाला सुरक्षिततेचे प्रमाणपत्र कोणत्या संस्थेने द्यावे हे सांगणारी सीएए नावाची नोंद असते. ती नसते तोवर कोणतीही संस्था प्रमाणपत्र देऊ शकते. पहिली नोंद जोडताच इतर सगळ्यांना बंदी होते. पुढचे नूतनीकरण अडते आणि कारण कोणाच्या ध्यानात येत नाही.

नंतर तिने साधनाचे अधिकार लिहिले. एजंटाला दिलेली परवान्याची किल्ली एकाच नावापुरती असावी, घरातील सर्व नावांना चालणारी नसावी. एमएक्स आणि वही दुसऱ्याकडे सोपवणारी नोंद त्याला जोडताच येऊ नये. जोडण्याआधी त्याने त्या नावाखालील सर्व नोंदी वाचून दाखवाव्यात आणि आधीची वही व नंतरची वही शेजारी शेजारी मांडावी. एसपीएफची ओळ आधीच असेल तर दुसरी जोडायला नकार द्यावा आणि एकत्र केलेली ओळ सुचवावी. नवी नोंद वाचणाऱ्यांनी पाच मिनिटांपेक्षा अधिक जपू नये असे सुरुवातीला लिहावे, म्हणजे चूक झाली तर लवकर विरते. आणि प्रत्येक नोंदीपुढे, ती कोणत्या एजंटाने केली हे लिहून भागणार नाही. कोणाच्या सांगण्यावरून केली त्या माणसाचे नाव हवे. हे शेवटचे कलम तिच्या कंपनीत सहजासहजी मान्य झाले नाही. वाद झाला, पत्रापत्री झाली, आणि नाव ऐच्छिक न ठेवता अनिवार्य ठेवावे यावर ती अडून बसली. ते मान्य झाले तेव्हा ती पुण्याला परत जाण्याची तयारी करीत होती.

डीएनएसच्या वहीत मागील पाने नसतात, हेही तिने दादाजींना समजावले. कीर्दीत कालचे पान कायम राहते. येथे फक्त आजची स्थिती दिसते. वहीच्या माथ्यावर एक अनुक्रमांक असतो आणि बदल झाला की तो वाढतो, पण काय बदलले हे तो सांगत नाही. म्हणून साधनाने स्वतःची कीर्द वेगळी ठेवली पाहिजे, आणि तिच्यात खोडण्याची सोय असता कामा नये. दादाजींना हे कलम समजावून सांगावे लागले नाही.

संवत्सरीनंतर पेढीतर्फे सर्व ग्राहकांना क्षमापना पत्र जाते. पूर्वी छापील कार्डे जात, आता ईमेल. पत्रे नव्या सेवेमार्फत पाठवायची तर त्या सेवेच्या सहीची एक नोंद वहीत घालणे आवश्यक होते. नातीने सुधारलेले साधन लावले आणि संमती देणारा माणूस म्हणून दादाजींचा भ्रमणध्वनी क्रमांक लिहिला. काका हसले. दादाजी हसले नाहीत.

संध्याकाळच्या प्रतिक्रमणाला निघण्याआधी त्यांच्या फोनवर संदेश आला. अमुक नावाखाली एक टीएक्सटी नोंद जोडायची आहे, संमती आहे का, असा. खाली दोन चौकोन होते. काका म्हणाले, दाबा हिरव्यावर, उशीर होतो आहे.

दादाजींनी चष्मा पुसला आणि फोन नातीच्या हाती दिला. "आधीच्या नोंदी किती आहेत?"

"तीन."

"वाचून दाखव," ते म्हणाले आणि उंबऱ्याजवळच्या बाकावर बसले. पुण्याच्या त्या गृहस्थांचे नाव पाठवायच्या यादीत सर्वांत वर त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलेले होते. नातीने पहिली नोंद वाचायला सुरुवात केली.